दोऱ्याएवढी चरबी

६ जानेवारी २०२५, सोमवार

दर शुक्रवारी तिसऱ्या तासाला कॅथलिक मुली रांगेनं कन्फेशनला जायच्या आणि उरलेल्या आम्ही चौदा-पंधरा जणी शिवणाच्या खोलीत बसायचो. "ज्यांना फादरकडे जायचं नाही त्यांनी हेमिंग करायचं," असा सिस्टर फिलोमिनांचा नियम होता. सातवीतला एक शुक्रवार. सिस्टरना कुणीतरी दाराशी बोलावलं आणि तेवढ्यात धनूनं भरतकामाची लाकडी फ्रेम तोंडासमोर धरली. जाळीआड बसून पापं ऐकणाऱ्या फादरसारखा जाड आवाज काढून ताणलेल्या कापडाआडून म्हणाली, "सांग पोरी, काय केलंस?"

मी म्हटलं, "फादर, मी रुमालाची कड शिवणीच्या फार जवळ कापली. आता धागे सुटायलेत."

"मग सिस्टरला सांगून सोड की. आणि प्रायश्चित्त म्हणून उद्या मला दोन शेंगदाण्याचे लाडू."

मी सांगितलं. सिस्टर रागावल्या नाहीत. माझ्या बोटात सुई तशीच ठेवून माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "शिवणीबाहेर एक दोरा तरी राहू द्यावा, महानंदा. पार कडेपर्यंत कापायला कापड काय शत्रू आहे?"

बेळगावचं कॉन्व्हेंट, सकाळचे अकरा-साडेअकरा, बाहेर सुरूच्या झाडांचा आवाज. एवढंच. आज का आठवलं कोण जाणे. बँकेनं दिलेल्या या डायरीचं पहिलं पान कोरं होतं म्हणून असेल. मार्चअखेर मी निवृत्त होणार. तीन महिने तरी लिहावं म्हटलं.

धनू म्हणजे आता डॉ. धनलक्ष्मी, येलहंक्याच्या आमच्या संस्थेतल्या रक्तवाहिन्यांच्या प्रयोगशाळेची प्रमुख. मी तिची तंत्र-सहाय्यक, एकतीस वर्षं. ती परदेशातून शिकून परत आली तेव्हा मी बी. एस्सी. करून एका हवाई दलातल्या माणसाशी लग्न केलेली गृहिणी होते. येलहंक्याच्या बाजारात वांगी निवडताना गाठ पडली. "महा, तुझा शिवणाचा हात अजून तसाच आहे काय गं?" हा तिचा पहिला प्रश्न. कसं चाललंय, मुलंबाळं किती, काही नाही. दुसऱ्या सोमवारी मी कामावर.

आज मात्र दिवस बरा गेला नाही. हैदराबादच्या डॉ. सुमंतांची मेल आली. आमचा 'कुंदा' त्यांनी बारा उंदरांवर करून पाहिला. काहीच परिणाम नाही.

८ जानेवारी, बुधवार

कुंदा हे आमचं घरगुती नाव. एका झाडाच्या सालीतून धनूनं काढलेलं द्रव्य. वाळल्यावर तपकिरी, रवाळ, हुबेहूब बेळगावी कुंद्याच्या मिठाईसारखं दिसतं. कागदोपत्री त्याला लांबलचक नंबर आहे.

त्याच्यावर तिची अकरा वर्षं गेली. घट्ट आवळलेली रक्तवाहिनी तो सैल करतो, म्हणजे रक्तदाब उतरेल, हृदयावरचा भार हलका होईल. औषध व्हायला अजून फार अवकाश आहे, पण दोन वर्षांपूर्वी तिचा शोधनिबंध छापून आला तेव्हा संस्थेत पेढे वाटले होते. आता कुणालाच कुंद्याचा परिणाम करून दाखवता आला नाही तर काय? ऑगस्टमध्ये तीही निवृत्त होतेय. लोक तोंडावर काही म्हणणार नाहीत. पाठीमागे म्हणतील की बाईंनी आकडे रंगवले.

दुसरी कुणी असती तर सुमंतांना चार शब्द सुनावले असते. धनूनं लिहिलं, "तुमचे आभार. आम्ही पुन्हा करतो. यावेळी माझा किंवा माझ्या सहाय्यकेचा हात लागणार नाही." आणि नव्या मुलीला, प्रांजलीला, सगळं सुरुवातीपासून करायला सांगितलं. मुलगी पुण्याची, पीएच.डी.ला येऊन सहा महिने झालेत. मला थोडं लागलं. एकतीस वर्षांत माझा हात नको असं ती पहिल्यांदा म्हणाली. पण न्यायाचंच आहे.

लिफ्ट बंदच आहे. दोन मजले चढताना धनू मधल्या वळणावर नोटीस बोर्ड वाचत थांबते. डोक्याला एवढा घोर, तरी रक्तदान शिबिराची नोटीससुद्धा ओळ न् ओळ वाचणार. तिचं असंच. लहान गोष्ट तिनं कधी लहान मानली नाही.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

शेजारच्या बायकांचं तीळ-गुळाचं एळ्ळु-बेल्ल आणि आमचा तिळगूळ, दोन्ही डबे घेऊन कामाला गेले. उंदरांची देखभाल करणारा मंजुनाथ दोन्ही खाऊन म्हणाला, "अक्का, ह्यात गोड स्वल्प जास्त, त्यात स्वल्प कमी. सरी, बरोबर झालं!"

प्रांजलीच्या पहिल्या चार रिंगा आज लागल्या.

(काम कसं चालतं ते एकदा लिहून ठेवते, पुढे मीच विसरेन. उंदराला शांतपणे बेशुद्ध करून, तो गेल्यावर, हृदयातून निघणारी महाधमनी काढायची. मी प्रत्येक वेळी मनात क्षमा मागते. एकतीस वर्षांत एकदाही चुकले नाही. मग ती नळी मेणाच्या थाळीत, थंड मिठाच्या पाण्याखाली ठेवून भोवतीची चरबी काढायची आणि तीन-तीन मिलिमीटरच्या रिंगा कापायच्या. दोन बारीक तारांवर रिंग चढवून कोमट पाण्याच्या काचपात्रात टांगायची, खालून प्राणवायूचे बुडबुडे. उंदीर नसतो, पण रिंग जिवंत असते. आवळते, सैल होते आणि तिची ओढ पडद्यावर रेघ होऊन दिसते. मला अजूनही ती रेघ हलली की अंगावर काटा येतो.)

प्रांजलीनं आवळण्याचं औषध घातलं. रेघ वर गेली. मग कुंदा घातला. रेघ ढिम्म.

मी लगेच म्हटलं, "अस्तर खरवडलं असणार तुझ्याकडून." नळीच्या आतलं अस्तर फार नाजूक, तार चढवताना नुसतं घासलं तरी जातं. ते गेलं की रिंग सैल व्हायचंच विसरते. नव्या हाताची चूक असते ही, सगळ्यांकडून होते.

"अक्का, अॅक्च्युअली मी आतून टचसुद्धा केलं नव्हतं. प्रॉमिस."

"सगळ्या असंच म्हणतात गं."

धनूनं आमच्या दोघींकडे पाहिलंही नाही. "भांडू नका. रिंगेलाच विचारा." अस्तर शाबूत आहे का ते पाहायचं वेगळं औषध आहे. ते घातलं. रेघ अशी सुळकन खाली आली की प्रांजलीनं टाळीच वाजवली.

म्हणजे मुलीचा हात चांगला आहे. माझ्यापेक्षाही हलका असेल. मी तिला सॉरी म्हटलं आणि उरलेला तिळगूळ सगळा तिलाच दिला. पण मग कुंद्याचं काय?

१७ जानेवारी

आणखी आठ रिंगा. ढिम्म.

धनू डावा जबडा चोळत बसली होती. "अक्कलदाढ, दुसरं काय," म्हणाली. मी लवंग दिली.

२० जानेवारी, सोमवार

आज मी मुद्दाम प्रांजलीच्या शेजारी स्टूल ओढून बसले. बोलायचं नाही, हात लावायचा नाही, असं ठरवून. ती मेणाच्या थाळीवर वाकून चिमट्यानं चरबी काढत होती. काढता काढता नळी अगदी काचेसारखी झाली. स्वच्छ, गुलाबीसर, आरपार. कुठे एक कण नाही.

मी विचारलं, "इतकी साफ करतेस?"

"पद्धतीत तसंच लिहिलंय ना अक्का? 'सर्व चरबी पूर्णपणे काढून टाकावी.' हे बघा ना, वहीत छापलंयच."

हो. छापलंय. त्याच्याखाली माझी सही आहे. अकरा वर्षांच्या प्रत्येक पानावर.

२१ जानेवारी

कामाला गेले नाही. डोकं दुखतं असं कळवलं. खोटंही नाही ते.

२२ जानेवारी, बुधवार

लिहूनच काढते.

अकरा वर्षांपूर्वी, कुंद्याच्या अगदी पहिल्या महिन्यात, माझ्याकडून एक नळी चिरली. चरबी पार काढायच्या नादात कात्री भिंतीला लागली. त्या दिवसाचा सगळा प्रयोग वाया. धनूनं फळ्यावरची तारीख खोडून उद्याची घातली, एवढंच, पण मला घरी जाऊन जेवण गेलं नाही. एक जीव उगीच गेला. त्या दिवसापासून मी नळीभोवती दोऱ्याएवढी चरबी ठेवायला लागले. पार कडेपर्यंत कापायचं नाही. सिस्टर फिलोमिनांचं ते वाक्य तेव्हा माझ्या मनात होतं का? असेल. हाताला होतं एवढं नक्की.

कुणाला सांगितलं नाही. सांगण्याजोगं काही आहे असं वाटलंच नाही. चरबी म्हणजे काय, भोवतालचा भरणा. आंब्याच्या कोयीला थोडा गर राहावा तसं. आणि वहीत छापलेल्या वाक्याखाली सही करत राहिले.

सुमंतांकडे साफ करतात. प्रांजली साफ करते. त्यांच्याकडे कुंदा चालत नाही. चालतो फक्त माझ्या अर्धवट केलेल्या रिंगांवर. म्हणजे अकरा वर्षं धनूनं जे पाहिलं ते कुंद्याचं काम नव्हतंच. माझ्या हलगर्जीपणाचं होतं. तिच्या निबंधात, तिच्या नावावर, माझी घाण.

न सांगितलं तर? मी मार्चअखेर जाईन. कुणालाही कधी कळणार नाही. कुंदा चालला नाही, का चालला नाही ते कळलं नाही, एवढंच राहील. आणि धनू उरलेलं आयुष्य आपलं काय चुकलं ते शोधत बसेल.

सांगितलं तर तिचं काम आजच बुडतं.

२५ जानेवारी, शनिवार

ह्यांनी विचारलंच. (नाव घेऊन लिहायला अजून हात अडतो. कृष्णाजी. झालं.) सकाळी पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "तीन दिवस आमटीत मीठ नाही. मी बोललो नाही. आज पोह्यांतही नाही."

मी सगळं सांगितलं. ह्यांनी अठ्ठावीस वर्षं विमानांची इंजिनं दुरुस्त केली आहेत. शांतपणे ऐकून घेतलं.

"आमच्याकडे संध्याकाळी नट आवळायचे पाने मोजायचे. एक पाना कमी भरला तर सगळी विमानं जमिनीवर. कुणी उठून म्हणालं की साहेब, माझ्याकडून आत राहिला असेल, तर त्याला कुणी ओरडत नसे. चहा द्यायचे आधी."

"हे विमान नाही हो."

"तुझी मैत्रीण विमानापेक्षा नाजूक आहे काय?"

"तिचं अकरा वर्षांचं काम आहे."

"तिचं आहे ना? मग तिचा पाना तिला परत दे. तू कशाला पिशवीत घेऊन फिरतेस?"

मग स्वतःच उठून पोह्यांत मीठ घातलं आणि दुप्पट घातलं.

२७ जानेवारी, सोमवार

चार वाजता धनूच्या खोलीत गेले. दार लावलं. ती तिच्या विजेच्या किटलीवर चहा करत होती.

"बस की. दार का लावलंस? राजीनामा द्यायला आलीस काय? दोन महिने राहिलेत, फुकट कागद वाया घालवू नको."

मी तिच्या टेबलावरचे कागद उगीच सरळ केले. मग पुन्हा सरळ केले. तिनं ते बघितलं. मग हातातली चहाची गाळणी उचलून तोंडासमोर धरली आणि तोच, सातवीतला जाड आवाज काढला. "सांग पोरी, काय केलंस?"

गाळणीतून चहा तिच्या हनुवटीवर ठिबकत होता. हसू आणि रडू एकदम आलं, आणि मग सांगता आलं. चिरलेली नळी, दोऱ्याएवढी चरबी, सह्या.

गाळणी खाली आली.

"किती वर्षं?"

"अकरा."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"सारखीच? कधी जास्त, कधी कमी?"

"दोऱ्याएवढीच. मला कमीजास्त करता येत नाही, तुला माहीत आहे."

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. मी टेबलावर सांडलेला चहा पदरानं पुसत होते. वळली तेव्हा चेहरा कडक होता.

"महा, चूक झाली. वाईट चूक. जे केलं नाहीस त्याच्याखाली सही केलीस. हे मी झाकणार नाही, तूही झाकायचं नाही."

"नाही झाकत."

"आणि अकरा वर्षांत एकदाही तुझ्या शेजारी बसून मी बघितलं नाही. निबंधात मात्र लिहिलं, सर्व चरबी काढली. न बघता. ती चूक कुणाची? माझी. तुझ्यापेक्षा मोठी."

"धनू, तुझा कुंदा..."

"गप बस की जरा. मला विचार करू दे." ती खुर्चीत बसली. तिचे डोळे असे झाले होते, मी ते डोळे ओळखते. गणिताच्या पेपरात शेवटचं उदाहरण वाचताना व्हायचे. "तू म्हणतेस चरबी म्हणजे भरणा. कशावरून? विचारलंस रिंगेला?"

"म्हणजे?"

"म्हणजे कुंदा बहुतेक नळीशी बोलतच नाही. तो चरबीशी बोलतो आणि चरबी नळीला सांगते, सैल हो म्हणून. खरं की खोटं, माहीत नाही. खोटं असेल तर निबंध मागे घेऊ. खरं असेल तरी छापलंय ते चुकलंय, तेही सांगू. आधी बघू या. उद्यापासून तू तुझा दोरा प्रांजलीला शिकव."

मी घरी कशी आले आठवत नाही. एवढंच वाटत होतं की एवढं मोठं मन देवानं एका माणसात कसं बसवलं. माझ्या जागी ती, तिच्या जागी मी, असं असतं तर?

१२ फेब्रुवारी, बुधवार

विमानांचा मेळा सुरू आहे. डोक्यावरून लढाऊ विमानं गेली की इमारत थरथरते आणि पडद्यावरच्या रेघेला दात फुटतात. हे रोज दुर्बीण घेऊन गच्चीवर, जगातले सर्वांत सुखी गृहस्थ. आम्ही मात्र विमानं थांबायची वाट बघतो आणि त्यानंतरच रिंगा टांगतो. मंजुनाथ आकाशाकडे बघून म्हणतो, "साकप्पा साकु," बास रे बाबा बास.

प्रयोग धनूनं असा बांधलाय की कुणाला मनासारखं करता येऊ नये. प्रत्येक नळीच्या चार रिंगा. दोन काचेसारख्या साफ, दोन दोरा ठेवलेल्या. निम्म्या प्रांजली करते, निम्म्या मी. आमच्यासमोर नाही, दुसऱ्या खोलीत मंजुनाथ त्यांना नावं देतो आणि आपल्या वहीत लिहून कपाटात कुलूप लावतो. पात्रांवर पडदा असतो. औषध घालणाऱ्या धनूला फक्त नाव कळतं. नावं त्यानंच निवडली: मल्लिगे, संपिगे, सेवंतिगे, कनकांबर.

"एक, दोन, तीन, चार चाललं असतं की रे," मी म्हटलं.

"नंबर दिला तर माणूस पहिल्याला पहिला समजतो, अक्का. फुलांत असलं काही नाही."

धनूनं हे ऐकून त्याला नमस्कारच केला.

प्रांजलीला दोरा ठेवणं जमायला आठ दिवस लागले. पहिल्यांदा फारच ठेवायची. "अक्का, साफ करणं सोपं होतं हो! थांबायचं कुठे हेच कळत नाही." मी तिचा हात हातात घेऊन दाखवलं. सिस्टरांनी माझा घेतला होता तसाच. तिची बोटं गार होती. थंड खोलीत स्वेटर घालत नाही ही मुलगी.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आठ उंदीर, बत्तीस रिंगा. आज मंजुनाथनं कपाट उघडलं.

धनू एकेक रेघ वाचे, मंजुनाथ फुलाचं नाव शोधून साफ की दोरा ते सांगे, प्रांजली फळ्यावर लिही. मी मागे भिंतीला टेकून उभी. पहिल्या चार रिंगांनंतर मी डोळे मिटून घेतले. कानांनीच ऐकत होते.

"ढिम्म." "साफ, मेडम."

"उतरली." "दोरा."

"उतरली." "दोरा."

"ढिम्म." "साफ."

शेवटपर्यंत. दोऱ्याच्या सोळांपैकी पंधरा उतरल्या. साफ केलेल्या सोळांपैकी एकही नाही. हात माझा असो की प्रांजलीचा, फरक नाही. आणि कुंदा घालायच्या आधी दोऱ्याच्या रिंगांत नुसतं पाणी घातलं होतं, तेव्हा त्या हलल्या नाहीत. म्हणजे नुसती चरबीही नाही, नुसता कुंदाही नाही. दोघांना एकमेकांची गरज.

(एक कनकांबर उतरली नाही. प्रांजली म्हणाली ती सोडून देऊ. धनू म्हणाली, "ती आधी लिही.")

डोळे उघडले तर धनू फळ्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. "हे आपण शोधलं नसतं महा," म्हणाली. "सगळं जग साफ करत होतं."

२४ फेब्रुवारी, सोमवार

धनूनं निबंध छापणाऱ्या मासिकाला पत्र लिहिलं. पाठवण्याआधी मला वाचायला दिलं. लिहिलंय की आमची पद्धत आम्ही छापली तशी नव्हती, तपासणं ही माझी जबाबदारी होती, मी ते केलं नाही, निबंध मागे घ्यावा. माझं नाव त्यात कुठेच नाही.

"यात माझं नाव घाल," मी म्हटलं. "झाकायचं नाही म्हणालीस."

"झाकलं नाही. 'आमच्या प्रयोगशाळेत' असं लिहिलंय. प्रयोगशाळा माझी आहे."

"सही माझी आहे."

वाद झाला. शेवटी एक ओळ वाढली: सहाय्यकेनं ही गोष्ट स्वतःहून सांगितली, म्हणूनच ती कळली. मला हे नको होतं. हे तर कौतुक झालं. पण ती म्हणाली की खरं तेच आहे, आणि खरं असल्यावर तिच्याशी वाद घालता येत नाही, चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा अनुभव.

डायरेक्टर तिला म्हणाले, निवृत्तीच्या तोंडावर निबंध मागे घेता, जरा थांबला असतात. ती म्हणाली, "सर, थांबले असते तर निवृत्तच झाले असते."

१३ मार्च, गुरुवार

सुमंतांची मेल. त्यांनी दोरा ठेवून सहा उंदरांवर केलं. रेघ उतरली. शेवटी लिहिलंय, "ज्या बाईंनी ही चरबी ठेवली त्यांना माझा नमस्कार सांगा."

प्रांजलीनं ते मोठ्यानं वाचलं. मी उठून पात्रं धुवायला गेले.

नवा निबंध तयार होतोय. प्रांजलीचं नाव पहिलं, माझं दुसरं, धनूचं शेवटी. मी म्हटलं, "मी फक्त रिंगा..." तिनं चष्म्यावरून पाहिलं. "फक्त काय?"

२१ मार्च, शुक्रवार

आज जिना चढताना मी धनूच्या मागे होते. ती मधल्या वळणावर थांबली, नोटीस बोर्डाकडे तोंड करून. मीही थांबले. सहज वाचलं.

बोर्डावर एकच नोटीस होती. रक्तदान शिबीर, तेवीस नोव्हेंबर.

तिचा एक हात कठड्यावर होता, दुसरा छातीशी, पदराखाली. मग जबड्याकडे गेला. मग ती वर चढायला लागली, हळूच, एकेक पायरी, आणि न वळता म्हणाली, "या लोकांना नोटिसा काढायला काय होतं कळत नाही."

मी एकतीस वर्षं रक्तवाहिन्यांत काढली. आणि तिला लवंग दिली.

तिच्यासारखं गाळणी धरून पटकन विचारणं मला येत नाही. आठ दिवसांत काहीतरी सुचेल.

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी उभारली. शेजारून बेवु-बेल्ल आलं. ह्यांनी कडुनिंब बाजूला काढून गूळ तेवढा खाल्ला आणि पकडले गेले.

परवा निरोप झाला. उद्या ईदची सुटी, म्हणजे मी आता मोकळीच. माझा खण मात्र अजून आवरायचा आहे. मंजुनाथकडे किल्ली आहे. कुणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते आणि याची नक्कल उद्या, सुटी असली तरी उंदरांना खाणं घालायला तो येतोच, तेव्हा त्याला देते.

वाकडा चिमटा आणि छोटी कात्री प्रांजलीला. कात्रीला धार लावून घेऊ नकोस गं, आहे ती पुरेशी आहे. हिरवा स्वेटरही तिलाच. थंड खोलीच्या दाराच्या खिळ्यावर टांगावा, म्हणजे विसरली तरी दिसेल.

उशी बांधलेलं स्टूल मंजुनाथला. त्याचा गुडघा दुखतो, सांगत नाही.

मेणाची थाळी माझ्या जागी जी कुणी येईल तिला. तिच्यावरचे चरे घासून काढू नयेत, नळी सरकत नाही त्यांच्यामुळे. आणि तिला पहिल्या दिवशीच सांगावं की करशील तेच लिही, वेगळं केलंस तर आधी ते लिही.

माझ्या अकरा वर्षांच्या वह्या प्रयोगशाळेतच राहतील. प्रत्येक पानावर त्या छापील वाक्याशेजारी लाल शाईनं लिहिलंय, 'दोऱ्याएवढी चरबी ठेवली.' आणि ते लिहिलं त्या दिवसाची तारीख. गेला महिनाभर घरी आणून, धनूच्या परवानगीनं. एकही पान सोडलेलं नाही. कुणी जुन्या वह्या म्हणून रद्दीत घालू नयेत.

नवा निबंध छापून आला की एक प्रत ह्यांना. फ्रेम करणार म्हणतात. पण बैठकीत लावायची नाही, आतल्या खोलीत.

भिंगाचा दिवा स्टोअरला परत.

खणात सर्वांत मागे, पांढऱ्या रुमालात गुंडाळलेली भरतकामाची लाकडी फ्रेम आहे. सातवीतलीच. शाळा सोडताना सिस्टर फिलोमिनांनी मला दिली होती. ती धनूला. मंजुनाथनं मंगळवारी सकाळी ती येताच, कुणाच्या हाती न पाठवता स्वतः तिच्या टेबलावर नेऊन ठेवावी आणि सोबत हे सांगावं, की फ्रेम यावेळी महानं धरलीय. सांगायची तिची पाळी कधीची राहिलीय. नोटीस बोर्डावर काय लिहिलंय ते मला माहीत आहे.

आणि हेही सांगावं की मंगळवारी दहा वाजता हृदयाच्या डॉक्टरांकडे तिचं नाव घातलंय. साडेनऊला आमची गाडी खाली उभी असेल. लिफ्ट चालू नसेल तर तिनं वळणावर हवं तेवढं थांबत उतरावं. मी जिन्यात आहे.